बाईंना विचारा : माझगावचा पाडलेला किल्ला, नाशिकची मुलं आणि सिद्दींची सुपारी

गेल्या अंकात अमेरिकेतल्या ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’बद्दल एक छोटी चौकट छापून आली होती. त्यावर इतकी पत्रं आली की दहावीच्या मार्कांचे आणि शेजारणींच्या भांडणाचे प्रश्न या महिन्यापुरते बाजूला ठेवलेत. महापालिकेच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला असे प्रश्न म्हणजे पर्वणीच. तेव्हा उत्तरं लांबली तर चालवून घ्या.

प्रश्न : बाई, मी माझगावातल्या एका जुन्या सोसायटीच्या वाचनालयाची सेक्रेटरी. एका सभासदांची मुलगी न्यू जर्सीला असते. तिने सुचवलं की फेब्रुवारीत आपणही कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर कार्यक्रम करू. कमिटीत लगेच तट पडले. एक जण म्हणतात, ‘आपला काय संबंध? त्यापेक्षा शिवजयंती जोरात करा.’ दुसऱ्यांना मुलांची तोंडं काळी रंगवून जंजिऱ्याचा देखावा बसवायचाय. तिसऱ्यांचं म्हणणं, सिद्दी महाराजांचे वैरी, त्यांचं कौतुक आपण कशाला करायचं? काय करू? — एक सेक्रेटरी, माझगाव

उत्तर : माझगावात राहून ‘आपला काय संबंध’ विचारणाऱ्या गृहस्थांना एका संध्याकाळी डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या डोक्यावरच्या टेकडीवर घेऊन जा. तिथलं जोसेफ बाप्टिस्टा उद्यान त्यांना माहीत असेलच. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा, त्यांच्या नावाची बाग. बाकावर बसलं की खाली लोकलचे रूळ, पलीकडे गोदी. या टेकडीवर एके काळी इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता. आज तो दिसत नाही, कारण १६९० साली सिद्दी याकूत खानाने तो पाडला. हा जंजिऱ्याचा सिद्दी, हबशी म्हणजे आफ्रिकी वंशाचा, आणि मुघलांचा आरमारप्रमुख. १६८९ मध्ये तो शिवडीला उतरला, माझगाव घेतलं, माहीम घेतलं आणि वर्षभर कंपनीच्या साहेबांना फोर्टमधल्या त्यांच्या किल्ल्यात कोंडून ठेवलं. साहेबांनी औरंगजेबापुढे नाक घासलं, दीड लाख रुपये दंड मोजला, तेव्हा कुठे सिद्दी हलला. जाता जाता माझगावच्या किल्ल्याची वाट लावून गेला. त्याच्या आधीही, महाराजांच्या हयातीत, सिद्दीची गलबतं पावसाळा काढायला माझगावच्या बंदरात येऊन राहायची आणि त्यांच्या माणसांच्या दांडगाईने इथले रहिवासी मेटाकुटीला यायचे. संबंध नाही म्हणता?

आता वैऱ्याचं. जंजिऱ्याचा सिद्दी महाराजांचा वैरी होताच. कोकणपट्टीत त्याने केलेली लूट आणि पळवून नेलेली माणसं कार्यक्रमात झाकू नका. मीही वर्गात कधी झाकली नाहीत. पण १६६० चा पन्हाळ्याचा वेढा घ्या. वेढा घालणारा सिद्दी जौहर शेंबड्या पोरालाही पाठ असतो. तोच वेढा फोडायला नेतोजी पालकरांच्या बरोबरीने चालून आलेला सिद्दी हिलाल मात्र कुणाला आठवत नाही. त्याचा मुलगा त्या झुंजीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे एका हबशाने घातलेला वेढा फोडायला स्वराज्याकडून दुसरा हबशी गेला होता. ‘सिद्दी म्हणजे शत्रू’ हे समीकरण तुमच्या तिसऱ्या सभासदांना इथे जरा सैल करावं लागेल.

आणि मलिक अंबरला कुठे ठेवणार? इथिओपियात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकीला राजधानी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नळ घालून त्याने त्या शहराला पाणी आणलं, नहर-ए-अंबरी. त्याची जमिनीच्या साऱ्याची पद्धत तर आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं नावाजली गेली. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा एकदम धुव्वा उडवला. त्या लढाईत त्याच्या बाजूने कोण होतं? शहाजीराजे. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. तेव्हा १९ फेब्रुवारीला शिवजयंती आणि त्याच आठवड्यात मलिक अंबरवर एक व्याख्यान, यात काही विसंगत आहे असं मला तरी वाटत नाही. उलट तुमचे दोन तट एका मांडवात बसतील.

फेब्रुवारी हा महिना मात्र अमेरिकेचा आहे, तो का, हे कार्यक्रमात दोन मिनिटांत सांगून टाका. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९२६ मध्ये एक आठवडा सुरू केला. लिंकनचा जन्मदिवस १२ फेब्रुवारी. गुलामीतून पळून आलेले मोठे वक्ते फ्रेडरिक डग्लस आपला वाढदिवस १४ तारखेला मानायचे. कृष्णवर्णीय समाज हे दोन्ही दिवस आधीपासूनच पाळत होता, त्याला धरून आठवडा ठरला. १९७६ मध्ये त्याचा महिना झाला. ब्रिटनमध्ये हाच महिना ऑक्टोबरात असतो. तुम्हाला फेब्रुवारीचीच सक्ती नाही. गणपतीतल्या व्याख्यानमालेत घातलंत तरी चालेल, श्रोते तेव्हा जास्त मिळतात.

राहिला देखावा. तोंडाला काळा रंग नको म्हणजे नको. गॅदरिंगच्या तालमींत मी कैक वेळा पाहिलंय : मुलाच्या तोंडाला काळं फासलं आणि कमरेला गवत बांधलं की कोणी न शिकवता तो ‘हू हा’ करत उड्या मारायला लागतो. प्रेक्षक हसतात. मग मलिक अंबर राहतो बाजूला आणि उरतो नुसता रंग. तुमच्या सोसायटीतला सावळा मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत काय ऐकतो, तेही विचारात घ्या. मलिक अंबर करायचाच असेल तर जामा, पगडी, कट्यार आणि चार दमदार वाक्यं द्या. मुलगा आहे त्या रंगाचा राहू दे.

त्यापेक्षा जिवंत माणसं बोलवा. गुजरातेत भरूच जिल्ह्यात रतनपूरजवळ डोंगरावर बावा गोर यांचा दर्गा आहे. हे बावा गोर अकीकाच्या खड्यांच्या व्यापाराशी जोडलेले हबशी संत, आणि त्यांची बहीण माई मिसरा. तिथल्या सिद्दींची पथकं देशोदेशी जाऊन आलेली आहेत. त्यांचा नाच म्हणजे गोमा किंवा धमाल. मोठे ढोल तर असतातच, पण तुम्ही मलुंगा बघा. धनुष्यासारख्या दांडीला एकच तार, तिला खाली भोपळा बांधलेला. वाजवणारा तो भोपळा पोटाशी दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, तसा आवाज मिटतो आणि उघडतो. शेवटी एक जण नारळ वर उडवून तो डोक्यावर झेलतो आणि फोडतो. मुलं तेवढ्यासाठीच बसून राहतील. पण निवेदकाला बजावून ठेवा की ही आधी त्यांची भक्ती आहे, खेळ नंतर. पंगत चालू असताना मागे वाजवायला नव्हे.

आणि पैसे. ‘आम्ही तुम्हाला व्यासपीठ देतो’ असं कृपा करून म्हणू नका. ढोल-ताशा पथकाला सुपारी देता ना, तशीच यांनाही द्या : अर्धी आधी, अर्धी कार्यक्रम संपल्या संपल्या. गाडीभाडं, राहणं, जेवण वेगळं. यात कंजूषपणा करायचा असेल तर व्याख्यानावर भागवा, ते स्वस्त पडतं.

प्रश्न : मी विक्रोळीच्या शाळेत सहावीला शिकवतो. मुलांना सांगता येईल अशी, आफ्रिकी माणसांची पण मुंबईशी नातं असलेली एखादी गोष्ट आहे का? पुस्तकात तर फक्त जंजिरा येतो. — एक शिक्षक, विक्रोळी

उत्तर : सर, एक नाही, चांगल्या दोन आहेत.

पहिली ज्याचं नावच ‘बॉम्बे’ पडलं त्याची. सिद्दी मुबारक. पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा मुलगा. लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पकडला, विकला, गुजरातेत आला. मालक वारल्यावर मोकळा झाला आणि आफ्रिकेला परतला. १८५७ मध्ये बर्टन आणि स्पीक हे दोन इंग्रज नाईलचा उगम शोधायला निघाले, तेव्हा हा त्यांच्याबरोबर होता. आता गंमत बघा. आफ्रिकेच्या ऐन पोटात, जिथे स्पीकला तिथली भाषा येत नव्हती, तिथे स्पीक आणि मुबारक बोलायचे ते हिंदुस्थानीत! पुढे तो स्पीकबरोबर परत गेला, लिव्हिंगस्टन या मिशनरी संशोधकाला शोधायला स्टॅनली निघाला तेव्हा त्याच्याबरोबर गेला आणि कॅमेरॉनबरोबर खंड पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत ओलांडून आला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला रुपेरी पदक दिलं. १८८५ मध्ये तो वारला. मुलांना नकाशा द्या आणि त्याच्या वाटा रंगीत पेन्सिलीने काढायला सांगा, तास कसा जातो कळणार नाही. स्पीक, बर्टन, स्टॅनली यांची नावं त्यांना पुढेमागे कुठेही सापडतील. मुबारकचं तुम्ही सांगितलंत तरच.

दुसरी गोष्ट थोडी जड आहे, पण सहावीच्या मुलांना झेपते. मी सांगत असे. १८६४ च्या जून महिन्यात डेव्हिड लिव्हिंगस्टन एक छोटीशी आगबोट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून स्वतः हाकत मुंबईला आला. बरोबर थोडी आफ्रिकी माणसं होती. त्यात चुमा नावाचा मुलगा होता. त्याला गुलामांच्या तांड्यातून सोडवलेलं होतं. चुमाला मुंबईतल्या डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत घातलं. हे विल्सन म्हणजे चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजवाले. सुसी नावाचा दुसरा जण इथल्या गोदीत कामाला लागला. दीडेक वर्षाने लिव्हिंगस्टन पुन्हा निघाला तेव्हा हे दोघे बरोबर होते, आणि नाशिकच्या शरणपूरची काही मुलंही. शरणपूरला तेव्हा मिशनऱ्यांचा आश्रम होता. अरबी गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबई बंदरात उतरत आणि त्यातली पुष्कळशी तिथे पाठवली जात. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवत.

१८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला. तिथेच पुरलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. पण चुमा, सुसी आणि बरोबरच्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, देह मिठाने सुकवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन सुमारे दीड हजार किलोमीटर चालत समुद्रकिनारा गाठला. शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट त्यांच्यात होता. त्याने झाडावर मजकूर कोरला, अंत्यविधीची प्रार्थना वाचली, प्रवासाची रोजनिशी लिहिली आणि पेटीबरोबर थेट लंडनला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीबरोबर मान देऊन चालवलेल्या मंडळींत हा नाशिकचा विद्यार्थी होता. चुमा आणि सुसी मागाहून इंग्लंडला पोचले. दफनविधी तोवर उरकलेला होता. ज्यांनी खांदा दिला तेच नव्हते. हे सांगितल्यावर वर्ग गप्प होतो आणि मग हमखास एखादी मुलगी विचारते, ‘बाई, थांबले का नाहीत त्यांच्यासाठी?’ उत्तर तुम्ही द्या.

मुलांपैकी कोणी विचारलंच की ती नाशिकची माणसं पुढे कुठे गेली, तर त्यातली बरीच जण मोम्बासाजवळ फ्रिअर टाउन नावाच्या वसाहतीत परतली. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. वसाहतीला नाव मिळालं ते मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. गोदीलगतचा पी. डिमेलो रोड पूर्वी फ्रिअर रोड होता. त्या रस्त्याच्या पलीकडे, आगबोटींच्या तळाशी, भट्टीपुढे उभं राहून कोळसा ओढणारे खलाशी कित्येक वर्षं सिद्दी होते.

प्रश्न : बाई, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ‘अमेरिकेतली गुलामगिरी आणि महाराष्ट्र’ असा विषय घेतला. मित्र म्हणतात ओढूनताणून आहे. तुम्हाला काय वाटतं? — एक विद्यार्थी, परळ

उत्तर : मित्रांना राजाबाई टॉवर दाखव. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली ती गुलामगिरीवरून. दक्षिणेच्या राज्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामावर पिकलेला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. मग भाव आला आपल्या कापसाला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. त्या बाजारचा बादशहा प्रेमचंद रायचंद. त्याने त्याच तेजीत दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचं ग्रंथालय आणि आपल्या आईच्या नावाचा टॉवर उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि अर्धी मुंबई भिकेला लागली. परळच्या मुलाने गिरण्यांच्या इतिहासाची सुरुवात इथून करावी.

पण प्रोजेक्टचा गाभा हा नव्हे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याच्या सन्मानार्थ, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा या इच्छेने. पुण्यात बसलेल्या माणसाला आपल्या लोकांचं दुःख समजावून सांगायला मिसिसिपीच्या मळ्यांचा दाखला घ्यावासा वाटला. अर्पणपत्रिका मूळ शब्दांत उतरवून काढ, नुसता सारांश देऊ नकोस.

मग बाबासाहेब. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून गाजलेल्या हार्लेमच्या वेशीवरच. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉय या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं कळलं, त्याच्या प्रती मिळतील का? आमच्या अस्पृश्यांनाही तोच मार्ग धरायचाय. डुबॉय यांचं उत्तरही आलं. दोन ओळखी नसलेली माणसं, एक अर्ज मागतोय, एक देतोय. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचं सगळ्यात सुंदर पान हेच होईल.

१९७२ मध्ये याच मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर काढली. नाव कुठून आलं ते उघड आहे : अमेरिकेत ओकलंडला १९६६ मध्ये निघालेली कृष्णवर्णीयांची संघटना ब्लॅक पँथर. हल्लीच्या मुलांना तो फक्त सिनेमा वाटतो, त्याला तू काय करणार. जमलं तर गावदेवीच्या मणिभवनालाही जाऊन ये. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग मुंबईत आले तेव्हा हॉटेल सोडून तिथे राहिले होते.

प्रश्न : बाई, मी सिद्दी. आजोळ कर्नाटकात यल्लापूरकडचं, पण जन्म, शाळा, नोकरी सगळं ठाण्यात. ऑफिसात फेब्रुवारीत ‘डायव्हर्सिटी वीक’ आहे. एचआरच्या मॅडमनी सांगितलं, ‘तू तुमचा ट्रायबल डान्स कर ना!’ मला नाचता येत नाही. मी अकाउंट्सला आहे. नाही म्हटलं तर आगाऊ दिसेन का? शिवाय ट्रेनमध्ये रोज कोणी ना कोणी इंग्रजीत विचारतं, ‘व्हिच कंट्री?’ मराठीत उत्तर दिलं की हसतात. — एक मुलगी, ठाणे

उत्तर : बाळ, आगाऊ अजिबात दिसणार नाहीस. त्या मॅडमना हसून सांग, ‘मॅडम, तुम्ही आधी नऊवारी नेसून लावणी करा, मग मी बघते.’ एवढं धाडस होत नसेल तर नुसतं ‘मला नाचता येत नाही’ म्हण आणि आपल्या व्हाउचरांकडे वळ. कोकणस्थ मुलीला कोणी ‘तुमच्या समाजाचा नाच करून दाखव’ असं म्हणत नाही. तुलाच का?

आणि त्यांनी कुठला तरी गुजरातचा व्हिडिओ बघून ठेवला असणार. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्टीतले सिद्दी वेगळे, रतनपूर-जांबूरचे वेगळे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार. तुमच्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही. घरात कोकणी. पूर्वजांपैकी कित्येक जण पोर्तुगिजांच्या गोव्यातून पळून घाटावर चढलेले. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. तिकडे जांबूरच्या हिराबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ही नावं ऑफिसच्या फलकावर लागली तर एचआरचंही काम होईल.

तुला स्वतःहून काही न्यावंसं वाटलं तर आजीची कवंद घेऊन जा. घरात असेलच. जुन्या साड्या, फाटके शर्ट, रंगीबेरंगी तुकडे जोडून शिवलेली ती गोधडी. कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी धावदोऱ्याची शिवण घालत जातात, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं टाचतात. फुलं नसली तर कवंद उघडी वाटते, असं त्या बायका म्हणतात. देशावरच्या बायकांना आपली वाकळ आठवेल आणि कोणी ना कोणी ‘माझी आजी पण...’ म्हणून सुरू होईलच. पण हे तुला वाटलं तर. नाही वाटलं तर एक एक्सेल शीट उघडून बसणं हाही तुझा हक्क.

ट्रेनमधल्यांना मात्र माझ्याकडे उपाय नाही. मराठीतच उत्तर देत राहा. हसणाऱ्यांना चौथी सीट देऊ नकोस.

प्रश्न : वाशीला आमचा फ्लॅट आहे. नायजेरियाचे दोन विद्यार्थी भाड्याने मागतायत. कागदपत्रं चोख आहेत. शेजारी म्हणतात, ‘असल्यांना’ देऊ नका. सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांनाच बोलावून ओळख करून दिली तर? — एक घरमालकीण, मुलुंड

उत्तर : आधी फ्लॅट द्या, कार्यक्रमाचं नंतर बघू. मुलं शिकायला आलीत. त्यांना राहायला जागा हवीय, सत्काराचा नारळ नको. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यायची ती सगळ्यांचीच द्यायची असते. तशी यांचीही द्या, आणि परदेशी भाडेकरूंसाठी वेगळा ‘फॉर्म सी’ असतो, तोही भरून मोकळ्या व्हा. शेजाऱ्यांनी कारण विचारलं तर भाडं वेळेवर येतंय एवढंच सांगा.

प्रश्न : आम्ही दादरचे काही निवृत्त लोक जुन्या गाण्यांचा कट्टा चालवतो. या विषयावर गाण्याबजावण्याचं काही करता येईल का? — एक संगीतप्रेमी, दादर

उत्तर : सहज. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात आला. मागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, ते हिंदुस्थानातच रमले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारले. मायदेशी ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरू देत नव्हते, ते इथे संस्थानिकांपुढे वाजवत होते. (इथल्या त्या हॉटेलांच्या दारातून आपली किती माणसं आत जाऊ शकत होती, हेही कट्ट्यावर निघू द्या.) त्यांचं बघून, ऐकून गोव्याच्या पोरांनी ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा हात बसवला. त्यातला एक आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. तो पुढे आपल्या सी. रामचंद्रांचा सहायक झाला. तुम्ही पन्नासच्या दशकातली अण्णांची जी उडती गाणी दर रविवारी म्हणता ना, त्यातले ब्रासचे तुकडे पुन्हा कान देऊन ऐका. ॲबीच्या रेकॉर्डी लावा, मग अण्णांच्या, मध्ये चहा. निवेदन पाच मिनिटांच्या वर नको. दादरला निवेदक थांबत नाहीत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला जंजिऱ्याची सहल काढायचीय, पण नुसते फोटो काढून परत यायचं नाही. तिथे काय बघायला सांगाल? — एक अध्यक्ष, चेंबूर

उत्तर : राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी घेतलीत की तट जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. हीच त्याची करामत. आत शिरताना दाराजवळच्या शिल्पाकडे सगळ्याजणींना थांबवा. वाघासारखा एक पशू आहे, त्याने पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेत. ज्यांनी ते बसवलं त्यांचा रुबाब तिथे कळतो. कलाल बांगडी तोफ दाखवतीलच, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, तेही बघा. गाइडच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. दर वर्षी तोफेचा पल्ला वाढतो.

तटावरून पद्मदुर्गही दिसतो, महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर बांधलेला. दोन्ही किल्ले एका नजरेत घ्या. जंजिरा शेवटपर्यंत मराठ्यांना मिळाला नाही, हे मान्य करायला आपल्याकडे अजून जड जातं. संस्थान विलीन झालं ते थेट १९४८ मध्ये, आपल्यातल्या कित्येकींच्या आईचा जन्म झाल्यावर.

बहुतेक सहली इथून माघारी फिरतात. तुम्ही खोकरीला जा, राजपुरीपासून जवळच. तिथे झाडीत सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी आहेत, भल्या मोठ्या, कमानींच्या. सिरुलखानाची सर्वांत मोठी, शेजारी याकूत खान आणि त्याचा भाऊ खैरियत खान. गर्दी नसते, डबे उघडायला सावली मिळते. पण कबरींच्या चौथऱ्यावर बसून खाऊ नका. गावातल्या लोकांशी बोला. मुरूडला सिद्दी घराण्यांचे वंशज आजही आहेत. त्यांना ‘तुम्ही आफ्रिकेचे का’ असं न विचारता घराण्याबद्दल विचारा, ते भरभरून बोलतात.

जायचं कसं? भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच आणि पुढे अलिबागवरून एसटी, हे स्वस्त. पन्नास बायका असतील तर सरळ बस करा. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा मेअखेरच्या आत उरका आणि मे महिन्यात गेलात तर टोप्या न्या, तटावर सावलीचा पत्ता नाही. वर्गणी निघायच्या आधीच गोळा करा. ‘आल्यावर देते’ म्हणणाऱ्या प्रत्येक मंडळात असतात, आणि ती यादी अध्यक्षांना तोंडपाठ असते.